घराण्याची झोप

ज्याला दुखतें त्यानें सांगावें आणि वैद्यानें ऐकावें, हा रोगपरीक्षेचा जुना परिपाठ आहे. दांत दुखला तर दुखणेकरी गालावर हात ठेवून येतो. ताप आला तर अंगाला हात लावतांच तो कळतो. निद्रेच्या विकारांत मात्र हा परिपाठ निम्म्याहून अधिक निकामी ठरतो. रोग ज्या वेळीं आपलें काम करीत असतो, नेमका त्याच वेळीं रोगी साक्षीला हजर नसतो. तो घोरतो, पण तें घोरणें ऐकतो दुसराच. त्याचा श्वास अडतो, पण तो अडलेला क्षण मोजते शेजारीं जागी असलेली पत्नी. तो झोपेंत उठून दाराची कडी काढतो आणि सकाळीं विचारलें तर साफ नाकबूल करतो. निद्रातज्ज्ञापुढें जो मनुष्य येऊन बसतो, तो आपल्या दुखण्याविषयीं फार तर ऐकीव माहिती सांगूं शकतो. प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार घरांत असतात.

परंतु या साक्षीदारांची दृष्टि सवयीनें बोथट झालेली असते. ‘आमच्या घराण्याची झोपच सावध’, ‘याचे आजोबाही असेच घोरत, शेजारच्या वाड्यांत ऐकूं जाई’, ‘ही मुलगी आत्यावर गेली आहे, बसल्या जागीं पेंगते’ हीं वाक्यें मराठी घरांत नित्य कानीं पडतात. घरांत तीं बोललीं जातात तीं विषय मिटविण्यासाठीं. तींच वाक्यें निद्रातज्ज्ञाच्या खोलींत बोललीं गेलीं तर तेथें विषयाला आरंभ होतो. हा फरक किती मोठा ठरूं शकतो, हें दोन घराण्यांच्या हकीकतींवरून चांगलें कळतें.

पहिलें घराणें इटलींतील, व्हेनिस शहराच्या परिसरांतलें. या घराण्यांतील कांहीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या, बहुधा पन्नाशीच्या आगेंमागें, एका विचित्र रीतीनें मरत आलीं होतीं. अंगाला दरदरून घाम सुटे, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होत, आणि झोप उडे. ती पुन्हां येतच नसे. झोपेचीं औषधें व्यर्थ जात. पुढें चालणें, बोलणें, गिळणें हें सारें क्रमाक्रमानें बिघडत जाऊन रोग्याचा अंत होई. घराण्यांत या गोष्टीची वाच्यता फारशी होत नसे. दैवाचा कोप समजून ती गिळून टाकण्याकडेच सर्वांचा कल असे.

इग्नात्सिओ रोइटर नांवाचे डॉक्टर हे या घराण्यांतील एका मुलीचे पति. १९७० नंतरच्या दशकांत पत्नीच्या नात्यांतील दोन वडीलधाऱ्या बहिणी त्यांच्या डोळ्यांदेखत याच रीतीनें गेल्या. कोणाच्याही निदानानें त्यांचें समाधान झालें नाहीं. तेव्हां पति-पत्नींनीं चर्चच्या दप्तरांतील जुन्या मृत्युनोंदी चाळण्यास सुरुवात केली. दप्तरांत मृत्यूचीं कारणें निरनिराळ्या नांवांखालीं लिहिलेलीं होतीं. पण कोण कोणाचा मुलगा, कोण कोणत्या वयांत गेला, हें मांडून वंशवृक्ष काढतांच तोच तो मृत्यु अठराव्या शतकापासून खालीं उतरत आलेला दिसूं लागला. ज्याला रोग झाला त्याच्या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांना तो होई. जो सुटला त्याची पुढली सारी शाखाच सुटे.

१९८४ मध्यें त्याच भावंडांपैकीं ५३ वर्षांच्या एका गृहस्थांना हीं लक्षणें दिसूं लागलीं. दोन बहिणींचें दुखणें त्यांनीं पाहिलेलेंच होतें, त्यामुळें पुढें काय वाढून ठेवलें आहे हें त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. रोइटर त्यांना बोलोन्या येथील एलिओ लुगारेसी यांच्याकडे घेऊन गेले. लुगारेसी हे त्या काळचे युरोपांतील नामांकित निद्रातज्ज्ञ. त्यांनीं रोग्याच्या डोक्याला तारा जोडून मेंदूंतील विद्युल्लहरींचे आलेख रात्रंदिवस घेतले, चित्रफिती घेतल्या. गाढ झोपेची लहर म्हणून जी असते, ती त्या आलेखांत दिसेनाशी झाली होती. रोगी डोळे मिटून पडे, पण त्याचे हात हवेंत स्वप्नांतल्या हालचाली करीत राहत. त्याच वर्षीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचा मेंदू तपासणीसाठीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें पिएर्लुइजी गाम्बेत्ती यांच्याकडे पाठविण्यांत आला. मेंदूचा बाकीचा भाग बराचसा शाबूत होता. पण मेंदूच्या गाभ्यांत ‘थॅलॅमस’ म्हणून जो भाग आहे, त्यांतील दोन लहानशा केंद्रांतील पेशी जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. १९८६ मध्यें हा शोध प्रसिद्ध झाला आणि रोगाला नांव मिळालें : प्राणघातक आनुवंशिक निद्रानाश. पुढें १९९२ मध्यें त्याचें मूळही सांपडलें. ‘प्रिऑन’ नांवाच्या प्रथिनाची घडण ठरविणारें जें जनुक, म्हणजे आईबापांकडून मुलाकडे येणारा बीजरूप आदेश, त्यांतील १७८ व्या स्थानावरचा एकच घटक या घराण्यांत बदललेला होता.

लुगारेसी आणि गाम्बेत्ती यांचें श्रेय निर्विवाद आहे. परंतु या शोधाचा पहिला अर्धा भाग एका जांवयानें सासुरवाडीच्या मृत्युनोंदी उलगडून केला, हें विसरून चालणार नाहीं. एकटा रोगी, वंशवृक्षावांचून, बोलोन्याला गेला असता तर तो एक न उलगडलेलें कोडें म्हणून दप्तरांत पडून राहिला असता.

येथें एक खुलासा केल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. हा रोग अत्यंत दुर्मिळ आहे. साऱ्या जगांत अशीं घराणीं थोडींच आढळलीं आहेत. परीक्षेच्या आठवड्यांत, मुलीच्या लग्नाच्या काळजीनें किंवा व्यवहारांत खोट आल्यामुळें ज्यांची झोप उडते, त्यांचा या रोगाशीं कांहींएक संबंध नाहीं. शिवाय या रोगांत मृत्यु येतो तो मेंदूच्या ऱ्हासामुळें. झोप नाहींशी होणें हा त्या ऱ्हासाचा एक परिणाम होय. रोगाला अद्याप औषध नाहीं. रक्ताची तपासणी करून आपल्या वाट्याला तें बदललेलें जनुक आलें आहे कीं नाहीं हें आज कळूं शकतें. पण अशा घराण्यांतील पुष्कळ माणसें तें कळून घेण्याचें नाकारतात, आणि त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. ज्यांनीं जाणून घेतलें त्यांत अमेरिकेंतील सोनिया वल्लभ यांचा उल्लेख करावयास हवा. त्यांची आई २०१० मध्यें या रोगानें गेली; २०११ मध्यें तपासणी केली तेव्हां तेंच जनुक आपल्यांतही असल्याचें त्यांना कळलें. कायद्याची पदवी घेतलेल्या या बाईंनीं आणि त्यांचे पति एरिक मिनिकेल यांनीं आपापले व्यवसाय सोडले, नव्यानें जीवशास्त्राचा अभ्यास आरंभिला, आणि आज तीं दोघें याच रोगावर औषध शोधण्याचें काम करीत आहेत.

दुसऱ्या घराण्याची हकीकत इतकी करुण नाहीं. किंबहुना तिच्यांत थोडी गंमतही आहे. अमेरिकेंतील यूटा राज्यांत सॉल्ट लेक सिटी येथें क्रिस्टोफर जोन्स हे निद्राविकारांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे ६९ वर्षांची एक बाई आली. दिवस मावळला कीं तिचे डोळे मिटत आणि अपरात्रीं टक्क उघडत. झोप पुरेशी होई, पण ती भलत्याच वेळीं. सारें जग झोपलेलें असतांना अंधारांत एकटीनें बसून राहणें तिला नकोसें झालें होतें. एरवीं वृद्धापकाळीं झोप लौकर येते व लौकर जाते, हें सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरनें वयावर बोट ठेवून तिला परत पाठविलें असतें. पण आपल्या नात्यांतील इतर माणसेंही अशींच आहेत, हें तिनें सांगितलें आणि डॉक्टरांनीं तें मनावर घेतलें.

तपासणींत असें दिसून आलें कीं, या घराण्यांतील लहानथोर माणसें सायंकाळीं साडेसातच्या सुमारास झोपीं जात आणि पहाटे साडेचारच्या सुमारास उठत. इतरांपेक्षां त्यांचा दिवसच जवळजवळ चार तास अलीकडे सरकलेला होता. घड्याळ, ऊन, माणसांची ये-जा यांपैकीं कसलीही खूण मिळणार नाहीं अशा खोलींत एकीला ठेवून पाहिलें, तेव्हां तिच्या शरीराचा दिवस २४ तासांचा न भरतां २३.३ तासांचा भरला. रोज अर्ध्या-पाऊण तासानें पुढें जाणारें घड्याळ मनगटावर असावें, तसें तें शरीरांतच होतें. १९९९ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध झाली. २००१ मध्यें या घराण्यांत ‘पीरियड-दोन’ या जनुकांत एक लहानसा बदल असल्याचें सिद्ध झालें. त्याच जातीचें जनुक रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांनीं १९७१ मध्यें फळांवरच्या माशींत शोधून ठेवलें होतें. माशीच्या त्या जनुकावर पुढें जें काम झालें, त्याबद्दल २०१७ चें नोबेल पारितोषिक तिघां शास्त्रज्ञांना मिळालें. माशीला दिवस आणि रात्र समजते ती ज्या युक्तीनें, त्याच युक्तीनें यूटामधील त्या आजीबाईंनाही समजत होती.

हेंच घराणें महाराष्ट्रांत असतें तर ब्राह्ममुहूर्तावर उठणारें सात्त्विक कुळ म्हणून पंचक्रोशींत त्याचा लौकिक झाला असता, आणि त्यांत उशिरां उठणारा एखादा जांवई आला असता तर तो आळशी ठरला असता! लौकर उठणें हा सद्‌गुण आणि उशिरां उठणें हा दुर्गुण, अशी सरळ वांटणी करण्यापूर्वीं थोडें थांबावें, इतकें तरी या संशोधनावरून कळून येतें. ज्याच्या शरीराचें घड्याळ मागें आहे, त्या कॉलेजांतल्या मुलाला रात्रीं दोनपर्यंत झोप येत नाहीं आणि सकाळीं त्याच्या अंगावर पाणी ओतावें लागतें. त्याला सकाळच्या उन्हांत नेमानें बसविणें, रात्रीं डोळ्यांपुढचा उजेड कमी करणें अशा उपायांनीं तें घड्याळ हळूहळू अलीकडे आणतां येतें. शिव्याशापांनीं तें हालत नाहीं.

व्हेनिस आणि यूटा हीं दूरचीं नांवें झालीं. श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं जो विकार आज रात्रींही असेल, तो म्हणजे झोपेंत श्वास अडणें. घोरणें हें गाढ झोपेचें लक्षण आहे, ही समजूत इतकी दृढ आहे कीं घोरणाऱ्याचा हेवा करणारे लोक आढळतात. वस्तुस्थिति उलट आहे. झोपेंत घशाचे स्नायु सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि हवा थरथरत आंत जाते, तोच घोरण्याचा आवाज. वाट पुरती मिटली कीं आवाज थांबतो. घोरणें थांबलें म्हणून घरच्यांना हायसें वाटतें, पण खरा चिंतेचा क्षण तोच असतो. छाती हालत असते, पण हवा आंत जात नाहीं. दहा, वीस, कधीं कधीं चाळीस सेकंद जातात. रक्तांतील प्राणवायु उतरतो. मग मेंदु दचकून अर्धवट जागा होतो, मोठा हुंदका दिल्यासारखा आवाज येतो आणि पुन्हां घोरणें सुरू होतें. तासांत पांचापेक्षां कमी वेळां असें झालें तर डॉक्टर चिंता करीत नाहींत. तीस किंवा अधिक वेळां झालें तर विकार तीव्र समजतात. अशा मनुष्याला सकाळीं उठल्यावर डोकें जड वाटतें, दुपारीं कचेरींत टेबलावर मान पडते, रक्तदाब औषधांना दाद देत नाहीं. त्याला कुंभकर्ण म्हणून हिणवितात; पण त्यानें रात्रभर झोप अशी घेतलेलीच नसते.

हा विकार घराण्यांत उतरतो तो मुख्यत्वें शरीराच्या ठेवणीवाटे. मागें सरलेली हनुवटी, आंखूड मान, मोठी जीभ, गळ्याशीं मेद सांठण्याची प्रवृत्ति या गोष्टी वडिलांच्या मुलाकडे येतात. म्हणून अंगानें सडपातळ माणसालाही तो होऊं शकतो. उतारवयांत, विटाळ गेल्यानंतर, स्त्रियांतही त्याचें प्रमाण वाढतें. लहान मूल तोंड उघडें टाकून घोरत असेल आणि शाळेंत त्याचें लक्ष लागत नसेल, तर त्याच्या घशांतील गांठी वाढल्या आहेत काय, हें पाहून घ्यावें. मोठ्या माणसांसाठीं ऑस्ट्रेलियांतील कॉलिन सुलिव्हन यांनीं १९८१ मध्यें एक उपाय पुढें आणला. नाकावर मुखवटा बसवून त्यांतून दाबानें हवा सोडली कीं घशाची वाट मिटत नाहीं. यंत्र दिसण्यांत ओबडधोबड आहे आणि पहिले कांहीं दिवस त्याचा कंटाळा येतो. पण ज्यांना तें मानवतें, त्यांच्यांतील पुष्कळजण थोड्याच दिवसांत आपण किती वर्षें झोपलोंच नव्हतों, असें बोलून दाखवितात.

याहून साधा, आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षिलेला विकार पायांचा आहे. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आजी नातवंडांकडून पाय चेपून घेते. पोटऱ्यांत कांहीं तरी वळवळतें, ओढल्यासारखें वाटतें, पाय हालविल्यावांचून चैन पडत नाहीं. उठून चार पावलें टाकलीं कीं बरें वाटतें, पडलें कीं पुन्हां तेंच. हें श्रमाचें किंवा वयाचें दुखणें समजलें जातें. इंग्लंडांतील टॉमस विलिस यांनीं १६७२ मध्येंच त्याचें वर्णन केलें होतें, आणि १९४५ मध्यें स्वीडनचे कार्ल एकबोम यांनीं त्याला ‘अस्वस्थ पाय’ हें नांव दिलें. तरुणपणीं सुरू होणारें हें दुखणें फार वेळां घराण्यांतून आलेलें असतें. त्याचें दुसरें कारण शरीरांतील लोहाची उणीव. बाळंतपणांनीं थकलेल्या, घरांत सर्वांच्या मागून उरलेसुरलें जेवणाऱ्या स्त्रियांत ती उणीव आपल्याकडे किती आहे, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. नुसतें हिमोग्लोबिन पाहून भागत नाहीं. सांठ्यांतील लोह दाखविणारी फेरिटिनची तपासणी करावी लागते. आजीला लोह द्यावें लागेल, आणि ‘मलाही कधीं कधीं असें होतें’ म्हणणाऱ्या सुनेचें व नातीचेंही रक्त पाहावें लागेल. सर्दीवरील कांहीं गोळ्यांनीं हें दुखणें वाढतें, हेंही ध्यानांत असावें.

निद्रातज्ज्ञाकडे जाणें, हें अद्याप आपल्याकडे थोडें चेष्टेचेंच वाटतें. झोपेसाठीं डॉक्टर कशाला, हा प्रश्न सासरे विचारतात. दुसरी अडचण याहून अवघड आहे, ती लपवालपवीची. मुलगी झोपेंत चालते किंवा हसतां हसतां तिचे गुडघे लटके पडतात आणि दिवसां तिला अनावर झोप येते, ही गोष्ट स्थळें पाहावयाचीं असल्यामुळें दडवून ठेवली जाते. यांपैकीं दुसरा विकार, ज्याला फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनीं १८८० मध्यें ‘नार्कोलेप्सी’ असें नांव दिलें, बहुधा कुमारवयांतच सुरू होतो आणि औषधांनीं पुष्कळ ताब्यांत राहतो. भावंडांत किंवा मुलांत तो उतरण्याचा संभव शेंकडा एक-दोन इतकाच आहे. तो दडविल्यामुळें मुलीचीं शिकण्याचीं वर्षें आळशी, वेंधळी अशा विशेषणांखालीं फुकट जातात, आणि विकार तर सासरीं चार दिवसांत उघडकीस येतो.

डॉक्टरकडे जातांना दोन आठवड्यांची वही बरोबर असावी. किती वाजतां अंथरुणावर गेला, केव्हां उठला, दुपारीं किती पडला, चहा केव्हां घेतला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढें तींत असलें तरी पुरे. घोरण्याचा आवाज भ्रमणध्वनीवर टिपून नेला तर शंभर शब्दांचें काम होतें. मात्र तो पाहुण्यारावळ्यांना ऐकवून हंसूं नये. डॉक्टर आठ प्रश्नांचा एक कागद देतात. मेलबर्नच्या मरी जॉन्स यांनीं तो १९९१ मध्यें प्रसिद्ध केला. वाचतांना, प्रवासांत, जेवणानंतर बसलें असतां डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्य ते तीन गुण द्यावयाचे असतात आणि बेरीज दहावर गेली कीं पुढील तपासणी करतात. रोग्यानें आणि त्याच्या पत्नीनें हा कागद वेगवेगळा भरला तर दोन बेरजा क्वचितच जुळतात.

त्यानंतर एक रात्र तपासणीची. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायांना तारा, छाती-पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. एवढ्या जंजाळांत झोप कशी लागणार, असें प्रत्येकजण म्हणतो आणि बहुतेक सगळे झोपतात. सोप्या प्रकरणांत हल्लीं लहान यंत्र घरीं नेऊनही ही परीक्षा होते. मधल्या काळांत शेजाऱ्याची किंवा वडिलांची झोपेची गोळी घेऊं नये. श्वास अडणाऱ्या माणसाला ती घातक होऊं शकते, आणि मद्यही तसेंच.

तपासणीचा आलेख हातीं आला कीं डॉक्टर तो पाहतात, औषध किंवा यंत्र सांगतात, आणि मग वहीच्या मागच्या पानावर एक झाड काढावयास लावतात : वर आजी-आजोबा, खालीं आई-वडील, आत्या, मामा, मावशी, त्यांखालीं भावंडें. कोण घोरतें, कोणाचे पाय वळवळतात, कोण अपरात्रीं उठून बसतें, कोण झोपेंतच गेलें. समोरच्या माणसाला निम्मीं उत्तरें येत नाहींत. डॉक्टर वही मिटून त्याच्या हातीं देतात आणि सांगतात, ‘‘पुढच्या खेपेस येतांना आजींना बरोबर घेऊन या.’’